बारगीराचं चौथं कडवं

दसरा जवळ आला की माझं डोकं फिरतं. बाकीच्या म्हैसूरकरांचं मन म्हणे या दिवसांत प्रसन्न होतं. त्यांचं त्यांना लखलाभ. सकाळी हत्ती तालमीला निघतात, पाठीवर वाळूची पोती घेऊन, झुलत झुलत, आणि आमच्या नजरबादच्या रस्त्यावर शाळेची पोरं, दूधवाले, रिक्षावाले सगळे कडेला उभे राहून हात जोडतात. तोफांच्या आवाजाची सवय व्हावी म्हणून घोड्यांना आणि हत्तींना मैदानात उभं करून बार काढतात, तेव्हा आमच्या खिडकीची तावदानं थरथरतात. झाडांना दिव्यांच्या माळा चढतात. मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, भाव चढतो. आणि कोपऱ्यावरच्या मंडपातला कर्णा पहिल्याच दिवशी ते गाणं लावतो.

'इळीबेड कणे राणी, इळीबेड.' उतरू नकोस ग राणी, उतरू नकोस. बाहुल्यांचं गाणं आहे. आमच्याकडे दसऱ्यात घरोघरी पायऱ्या मांडून बाहुल्या बसवतात, बोंबे हब्ब म्हणतात त्याला. सगळ्यांत वरच्या पायरीवर रक्तचंदनाचे राजाराणी, लग्नात माहेरहून आलेले. त्या राणीला उद्देशून हे गाणं आहे. म्हैसुरात असं घर नाही जिथं ते येत नाही. मराठी घरांतही कन्नडातच म्हणतात, आणि म्हणता म्हणता डोळे पुसतात. मला ते ऐकू आलं की मी खिडकी लावून घेते. शेजारणींना वाटतं, मास्तरीणबाईंना आवाज सोसत नाही.

ज्या बाईनं ते रेकॉर्डवर गायलं तिचं नाव मी इथं लिहिणार नाही. तिनं माझ्या वडिलांचं गाळलं, मी तिचं गाळते. आमच्यातलीच होती, मराठी घरातली, आप्पांना 'अण्णा' म्हणायची, भाऊबीजेला ओवाळायची. तिला मी नुसतं 'गाणारीण' म्हणेन. तेवढं पुरे आहे.

गाणं आप्पांचं. आप्पा म्हणजे माझे वडील, राजवाड्याच्या घोड्यांकडे नोकरीला. आमचे पूर्वज इथल्या घोडदळात आले आणि इथलेच झाले. पुढं लढाया संपल्या, घोडे उरले, तेही कमी कमी होत गेले. आप्पांचं काम घोड्यांना फिरवायचं, आणि फिरवता फिरवता ते गाणी करायचे. कागदावर कधी काही उतरवलेलं मी पाहिलं नाही. नाटक कंपनीचा पेटीमास्तर यायचा, एखादी चाल ऐकवून जायचा, दुसऱ्या दिवशी आप्पा लगाम हातात धरून निघायचे आणि घोड्याच्या पावलांवर शब्द बसवत जायचे. दौडीचं गाणं तरण्या घोड्यावर, लावणीचं ठुमकत्या घोडीवर. राणीचं गाणं संथ आहे ना? ते एका लंगड्या घोडीमागं झालं. ती चौथं पाऊल जरा थांबून टाकायची, आणि गाण्यात 'राणी' या शब्दाआधी जो श्वास आहे तो तिचा आहे. लोक त्याला गाणारणीची जागा म्हणतात. जळलं मेलं ते कौतुक!

त्या काळात नाटकं बघायला बैलगाड्या जुंपून टी. नरसीपुराहून माणसं यायची आणि आप्पांची गाणी तोंडात घेऊन परत जायची. पुढच्या खेपेला त्याच गाण्यांवर त्यांच्याकडे नवऱ्यामुलीला हळद लागलेली असायची. गाणं लिहिणाऱ्याचं नाव विचारायची रीतच नव्हती. म्हणून गाणी करणारे लोक एक करायचे, शेवटच्या कडव्यात आपली खूण घालायचे. कानडीत त्याला अंकित म्हणतात. कुणी देवाचं नाव घालायचं, कुणी गावाचं. आप्पांचं अंकित होतं 'बारगीर'. स्वतःचा घोडा असेल तो शिलेदार, आणि दुसऱ्याच्या घोड्यावर बसून लढेल तो बारगीर. आई म्हणायची, असलं कसलं कमीपणाचं नाव घेतलंत? आप्पा हसायचे. "चाल मास्तरची, गळा गाणाऱ्याचा, मी नुसता वर बसलेला. पण बसायलाही मांड लागते की ग."

राणीच्या गाण्याचं चौथं कडवं त्या खुणेचं. मराठीत सांगायचं तर असं: तुलाही कुणी बसवलं राणी, मलाही कुणी बसवलं, पायरी दुसऱ्याची, बैठक आपली, बारगीर म्हणतो, उतरवतील तेव्हा उतरू, आपण होऊन उतरू नकोस. पहिल्या तीन कडव्यांत राणीचा शालू आहे, मल्लिगे आहे, राजाचं रुसणं आहे. गोड आहेत. पण गाणं कशासाठी केलं ते चौथ्यात आहे. चौथ्याशिवाय ते गाणं म्हणजे नुसती बाहुलीची वेणीफणी.

मी चौथीत होते त्या दसऱ्याची गोष्ट. बाहुल्या अजून पेटीतच होत्या, जुन्या लुगड्यांत गुंडाळलेल्या. पेटी उघडली की कापूर आणि वेखंडाचा वास यायचा. गाणारणीला रेकॉर्डसाठी मद्रासला बोलावलं होतं आणि ती तालमीला आमच्याकडं यायची. तिची मुलगी विमला माझ्याच वर्गात, आम्ही दोघी पेटीपाशी बसून बाहुल्यांची नाकं पुसायचो. रेकॉर्डच्या एका बाजूला चार कडवी मावत नाहीत असं मास्तर म्हणाला. आप्पा घड्याळ काढून बसले, तिनं गायलं, आणि खरंच मावत नव्हती.

"दुसरं गाळ," आप्पा म्हणाले.

"मल्लिगेचं? अय्यो अण्णा, लोकांना तेच आवडतं न."

"आवडू दे. घरी म्हणतील. प्लेटवर शेवटचं राहू दे."

"बरं अण्णा. दुसरं गाळते." आणि आईच्या हातची उसळ खाऊन, आईला नमस्कार करून ती गेली. शब्द दिला होता तिनं. मी ऐकलेला आहे, विमलानंही ऐकलेला आहे. हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

रेकॉर्ड आली ती ऐन नवरात्रात. शेजारच्या घरून ग्रामोफोन आणला, पायऱ्यांवर बाहुल्या मांडून झालेल्या, आळीतली दहाबारा माणसं दाटीवाटीनं बसलेली. पहिलं कडवं झालं. मग मल्लिगे आली. आई आप्पांकडे बघायला लागली. तिसरं झालं. आप्पा जरा पुढं वाकले, आणि सुई नुसती खरखरायला लागली. आप्पांना आधी वाटलं की प्लेटच खराब आहे. त्यांनी सुई उचलून तिसऱ्याच्या शेवटावर परत ठेवली. परत खरखर. पुन्हा ठेवली. माझे वडील आपलं नाव त्या काळ्या प्लेटीवर सुईनं शोधत होते, आणि मला त्या वेळी काही कळलं नाही, मी प्रसादाची डाळीची कोसंबरी खात होते. लेबलावर गाणारणीचं नाव मोठ्या सोनेरी अक्षरांत होतं. खाली दुसरं काहीच नव्हतं.

"जागा कमी पडली असेल," आप्पा म्हणाले.

"चौथ्याला कमी पडली, मल्लिगेला बरी पुरली!" आई म्हणाली.

इथवर मीही एक वेळ माफ केलं असतं. खरंच सांगते. मद्रासच्या माणसांनी दटावलं असेल, बिचारी भ्याली असेल, मल्लिगेवर प्लेट खपते असं कुणी सांगितलं असेल. पण विजयादशमीच्या आदल्या दिवशी ती रेडिओवर आली. आई वडे तळत होती, आप्पा बाहेरच्या ओट्यावर लगामाला तेल लावत होते. मुलाखत घेणाऱ्यानं विचारलं, हे गाणं कुणाचं? आणि गाणारीण त्या मधाळ आवाजात म्हणाली, की एका पहाटे चामुंडी स्वप्नात आली, म्हणाली उठ, म्हण, आणि मी म्हणत गेले.

आईनं झारा तसाच कढईत ठेवला, येऊन रेडिओचा कान पिळला. "चामुंडीला लंगडी घोडी कुठं भेटली ग?" असं ती त्या बंद रेडिओला म्हणाली. वडे करपले.

कडवं गाळायला कुणीतरी लावलं असेल. स्वप्न पडायला कुणी लावलं होतं? त्या प्रश्नावर माझी गाडी आजतागायत अडलेली आहे. चोरानं निदान चोरासारखं तोंड लपवावं. इथं चोर देवीच्या पालखीत बसला आणि आम्ही पालखीला खांदा द्यायचा.

आप्पा ओट्यावरून उठले नाहीत. तेल लावत राहिले. त्यांनी त्यानंतर गाणी केली नाहीत असं म्हटलं तर लिहायला बरं दिसेल, पण तसं नाही, केली. चांगलीही केली. फक्त त्यांत बारगीर नसायचा. मास्तर विचारायचा, अंकित कुठं आप्पासाहेब? आप्पा म्हणायचे, कशाला प्लेटची जागा अडवायची? त्यांनी कधी तिच्याविरुद्ध अवाक्षर काढलं नाही. भाऊबीजेला ती आली नाही, त्याबद्दलही नाही. मला त्यांच्या त्या शांतपणाचा अजून राग येतो. एकदा भांडले असते तर माझ्या वाट्याला एवढं भांडण उरलं नसतं.

आईची जात वेगळी होती. बोंबे हब्बात घरी आलेल्या प्रत्येक बाईला यजमानीण म्हणते, "ओंदु हाडु हेळि," एक गाणं म्हणा. गाणं झालं की आरती, मग हळदीकुंकू, उसळ, खण. आणि आरती झाली की गाणं संपलं, त्यापुढं कुणी म्हणत नाही, अशी रीत. प्रत्येक दुसरी बाई आमच्याकडं येऊन राणीचंच गाणं सुरू करायची. आई निरांजन पेटवून तयार उभी असायची. पहिलं कडवं संपून मल्लिगेचा 'म' निघाला की हिनं आरती ओवाळायला घेतलीच! बाई तोंड उघडं ठेवून गप्प. "फार छान म्हणता हं," असं वर म्हणून आई तिच्या कपाळाला कुंकू लावायची. बाहुल्यांसमोर मी कितीतरी बायकांचं दुसरं कडवं असं कापलं गेलेलं पाहिलं. मला तेव्हा आईची लाज वाटायची, आता अभिमान वाटतो.

आप्पा गेले तेव्हा मी कॉलेजात होते. गाणारीण हार घेऊन आली, हाराला फीत, फितीवर तिचं नाव. आईनं हार हातात घेतला, रस्त्यावर जाऊन गाईपुढं टाकला आणि गाय खाईस्तोवर तिथं उभी राहिली. परत येऊन म्हणाली, "आता बसा तुम्ही. चहा घेता?" गाणारीण चहा न घेता गेली.

पुढं मी शाळेत लागले, इथंच, मुलींच्या शाळेत. गणित, परिसर आणि गाणं. सूड घ्यायचा तर घाई कामाची नाही हे मला आईकडून नाही, आप्पांकडून कळलं. तरणं घोडं ते असंच आणायचे वळणावर, रोज थोडं थोडं, त्याला न कळता. दरवर्षी दसऱ्याच्या सुटीआधी मी मुलींना राणीचं गाणं शिकवलं. चार कडव्यांचं. बारगीर कोण, काय, कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. मुलींनी विचारलं तर म्हणायची, गाण्यात आहे, म्हणा. परीक्षेला चारही कडवी पाठ हवीत. तिसऱ्यावर थांबली की गुण अर्धे. पोरी रडायच्या, पाठ करायच्या. त्या लग्न होऊन गावातल्याच विजयनगर भागात गेल्या, नंजनगूडला गेल्या, त्यांनी आपल्या मुलींना झोपवताना चार कडवी म्हटली. मी निवृत्त झाले. मला गजरे, शाल, घड्याळ मिळालं. कुणाला ठाऊक नव्हतं की मी एवढी वर्षं नोकरी कशासाठी केली.

लोक म्हणतात, राग माणसाला आतून खातो. मला तर त्यानं खायला घातलं. आई गेली, नवरा गेला, गुडघे गेले, आणि दर दसऱ्याला कर्णा सुरू झाला की मी ताडकन उठून बसते, दातओठ खाते, जिवंत होते. क्षमेवर प्रवचनं देणारे फार भेटतात. ज्यांचं काही गाळलं गेलं नाही त्यांना क्षमा स्वस्त पडते.

यंदा माझी भाची दीपा फोन घेऊन आली. ती आयटीत आहे, मराठी तिचं जेमतेम. "आत्या, हे बघा न. विजयनगरची आंटी. बोंबे केवढे बसवलेत नोडि!" फोनवर विमलाचं घर होतं, मोठा हॉल, भिंतीएवढ्या पायऱ्या, आणि त्यांच्यावर बांधलेला एक फ्लेक्सचा बोर्ड. गाणारणीचा हसरा फोटो. खाली कन्नडात: गीत आणि गायन, आणि तिचं नाव. त्याखाली, देवीनं स्वप्नात दिलेलं गाणं.

आजवर नुसतं गायन होतं. 'गीत' या वर्षी आलं.

"दीपा, स्कूटर काढ."

"आत्ता? आत्या, होगली बिडि, सोडा न. एवढं जुनं झालं, सुम्मने, उगाच बीपी वाढेल तुमचं."

"बीपी माझं आहे. स्कूटर तुझी आहे. काढ."

विमलानं दारातच ओळखलं. "अय्यो, नलू! किती वर्षांनी!" केस काळे केलेले, पण नाक तेच, आमच्या बाहुल्या पुसायची तेव्हासारखं चिमटीत धरल्यागत. मला खुर्चीवर बसवलं, हातात मल्लिगे दिली. दिवेलागण झालेली, हॉल बायकांनी भरलेला, रेशमी पदर, कापराचा धूर. मी जाताना वाटेत भाषण जुळवलं होतं. चांगलं जळजळीत होतं. आरतीआधी उभी राहून बोलणार होते, आणि बोलताना रडायचं नाही एवढं एकच ठरवलं होतं.

बोलायची वेळच आली नाही. विमलाकडं रोज संध्याकाळी आईची ती जुनी रेकॉर्ड लावायची आणि सगळ्यांनी उभं राहून बरोबर म्हणायचं, असं यंदा नव्यानं ठरलेलं, आणि ती पहिलीच संध्याकाळ. स्पीकरमधून गाणारीण सुरू झाली. बायका म्हणू लागल्या. शालू झाला, मल्लिगे झाली, राजा रुसला. रेकॉर्ड संपली. विमलानं आरतीचं ताट उचललं.

आणि बायका थांबल्याच नाहीत. वाद्य नाही, स्पीकर नाही, पण त्यांच्या तोंडात गाणं चार कडव्यांचंच होतं. तिसऱ्यावर थांबायची त्यांना सवयच नव्हती. तुलाही कुणी बसवलं राणी. म्हाताऱ्या, सुना, फ्रॉकमधल्या पोरी. भर हॉलमध्ये, तिच्या फोटोखाली, बारगीर म्हणतो, बारगीर म्हणतो. रडायचं नाही ते राहिलंच बाजूला, मी मोठ्यानं हसले.

विमला ताट धरून तशीच उभी. तिला ते कडवं माहीत होतं. पेटीपाशी माझ्याबरोबर तिनंही ते ऐकलं होतं, ते तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. एका मुलीनं विचारलं, "आंटी, बारगीर म्हणजे कोण?"

"माझे वडील," मी म्हटलं. "गाणं त्यांचं. शब्दन् शब्द."

हॉलमध्ये कुजबुज झाली. विमलानं कशीबशी आरती उरकली आणि कुंकवाचं ताट घेऊन माझ्यापाशी आली. वाकली. "नलू, सगळे विचारत मागे लागतील ग आता. तुझी-माझी सगळी माणसं तर गेली, सोडून दे न. आईला स्वप्न पडलं होतं, खरंच. मला नेहमी सांगायची."

"पडलं असेल. स्वप्नात आप्पा आले असतील."

"चूक झाली असेल तिची. आवाज तरी तिचा होता की नाही?"

"होता. आवाजाबद्दल मी कधी बोलले? बोर्ड उतरव."

"उद्या सकाळी पोरं येतील, त्यांना सांगते."

"आत्ता. तुझ्या हातानं."

ती रडकुंडीला आली. म्हणाली, "आईचा फोटो आहे ग त्यावर. 'गीत' तेवढंच कात्रीनं कापून काढू का?"

"कापण्यात तुमचं घराणं हुशार आहे. अख्खा उतरव."

बायका बघत होत्या. कुणी मध्ये पडलं नाही. अर्ध्याअधिक माझ्याच विद्यार्थिनी. विमलानं आतून स्टूल आणलं. उंच, जुनं, एका बाजूला कलणारं. दीपा मदतीला पुढं झाली, मी तिला डोळ्यांनीच मागं थांबवलं. विमला पदर खोचून वर चढली. तिचे पाय थरथरत होते, वयच आहे ते. वर हात करून तिनं डावीकडची दोरी सोडली. बोर्ड एका बाजूनं लोंबला, फोटो तिरका झाला. स्टूल हललं.

मी पुढं होऊन स्टूल दोन्ही हातांनी गच्च धरलं. बायकांना वाटलं, मैत्रिणीच्या काळजीनं धरलं. एक जण तर पदरानं डोळेही टिपायला लागली.

उजवीकडची गाठ अजून सुटायची होती. त्याआधी विमला पडून चालणार नव्हतं.